पुढच्या किती चाली दिसतात? गोच्या पटावर विचार कसा चालतो

'तुम्हाला पुढच्या किती चाली दिसतात?' गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ खेळणाऱ्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो. मार्च २०१६मध्ये सोलमध्ये अल्फागो या गो खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामने ली सेडॉल या नामवंत कोरियन खेळाडूला ४-१ असं हरवलं, तेव्हापासून तो यंत्रांबद्दलही विचारला जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेची बातमी आली की कुणीतरी विचारतंच, 'ते यंत्र किती चाली पुढचं बघतं?'

या प्रश्नाचं उत्तर आकड्यात दिलं की फसतं. गोमध्ये महिनाभर खेळलेला माणूससुद्धा काही वेळा ६० चाली पुढचं अचूक सांगू शकतो, आणि मुरलेला खेळाडू चौथ्या चालीला चकतो. खोली हा या खेळातला अवघड भाग नाहीच. अवघड असतं ते फाटा कुठे फुटतो हे ओळखणं आणि कुठे थांबायचं हे ठरवणं.

आधी चार नियम

पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा असतात. सोंगट्या चौकटीत नाही, रेघा जिथे छेदतात तिथे ठेवायच्या. अशा जागा ३६१. काळा आणि पांढरा आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवतात. ठेवलेली सोंगटी सरकत नाही.

सोंगटीला रेघेने लागून असलेली रिकामी जागा म्हणजे तिचा श्वास. (चिनी भाषेत या जागेला 'ची' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ श्वासच.) एकमेकींना लागून असलेल्या एकाच रंगाच्या सोंगट्यांचा गट होतो आणि त्यांचे श्वास सामाईक असतात. सगळे श्वास बंद झाले की गट पटावरून उचलला जातो. एकच श्वास उरला असेल तर त्या स्थितीला 'अटारी' म्हणतात. गटाच्या आत दोन वेगवेगळ्या बंदिस्त रिकाम्या जागा, म्हणजे दोन 'डोळे' असतील, तर तो गट मारता येत नाही, कारण दोन्ही डोळे एकाच चालीत बुजवता येत नाहीत. शेवटी ज्याने जास्त जागा राखली तो जिंकतो.

पुढे लागेल तेवढं एवढ्यात येतं.

उमेदवार चाल कशासाठी?

डावाच्या कुठल्याही वळणावर सरासरी २५० च्या आसपास चाली शक्य असतात. सगळ्यांचा विचार करायचा म्हटलं तर तीनच चाली पुढे गेल्यावर १ कोटी ५६ लाखांहून जास्त शक्यता होतात. म्हणून खेळाडू आधी मोजक्या चाली निवडतो आणि फक्त त्यांचाच पुढचा हिशेब मांडतो. या निवडलेल्या चाली म्हणजे उमेदवार चाली, आणि त्या मनातल्या मनात खेळून बघण्याला गोवाले 'वाचणं' म्हणतात.

निवडीने किती फरक पडतो? प्रत्येक पायरीला ५ पर्याय धरून ५ चाली वाचल्या तर ३,१२५ शेवट तपासावे लागतात. पर्याय ३ वर आणले तर २४३. एकच ठेवला तर १. माणसाच्या डोक्याला २४३ सुद्धा जडच. म्हणून रुंदी, म्हणजे प्रत्येक पायरीचे पर्याय, कमी करणं हे वाचण्याइतकंच मोठं कौशल्य आहे.

उमेदवार सुचतात ते ओळखीच्या आकारांवरून. शत्रूचा श्वास कमी आहे का? दोन गट तोडता येतात का? त्याला डोळा कुठे करायचा आहे, तिथे मीच बसलो तर? 'प्रतिस्पर्ध्याला हवी असलेली जागा तीच आपली जागा' ही गोमधली जुनी म्हण उमेदवार शोधायला फार उपयोगी पडते.

एक पांढरी सोंगटी, दोन उमेदवार

कागदावर चौकडी आखून बघा. डावा खालचा कोपरा १-१. पहिला आकडा डावीकडून, दुसरा खालून. पांढरी सोंगटी ३-३ वर. काळ्या सोंगट्या ३-२, ४-२, २-३ आणि २-४ वर. चाल काळ्याची. पांढऱ्याचे दोनच श्वास आहेत, ४-३ आणि ३-४.

पहिला उमेदवार: ३-४ वर अटारी. पांढरा ४-३ वर पळतो आणि त्याला पुन्हा दोन श्वास मिळतात, ५-३ आणि ४-४. काळा ५-३ वर अटारी देतो, पांढरा ४-४. काळा ४-५, पांढरा ५-४. काळा ६-४, पांढरा ५-५. पायऱ्या पायऱ्यांनी तिरकं वर जाणाऱ्या या आकाराला शिडी म्हणतात. वाटेत काही आडवं आलं नाही तर ती समोरच्या कडेला धडकते आणि पांढऱ्याचा अख्खा गट पडतो.

दुसरा उमेदवार: अटारी न देता सोंगटी तिरकी, ४-४ वर ठेवायची. वरवर ही चाल ढिली वाटते, कारण पांढऱ्याचे दोन्ही श्वास शाबूत राहतात. पण हे जाळं आहे.

आता पटावर ८-८ ला आणखी एक पांढरी सोंगटी आहे असं धरा. शिडी चढत चढत पांढरा ७-७ ला येतो. काळा ७-८ वर अटारी देतो, पांढरा ८-७ ला खेळतो आणि ८-८ च्या सोंगटीला जाऊन मिळतो. गटाचे श्वास एकदम तीन: ९-७, ९-८, ८-९. शिडी मोडली. काळ्याचं नुकसान एका सोंगटीवर थांबत नाही. वाटेत त्याने ठेवलेल्या सोंगट्या एकमेकींना लागून नाहीत, नुसत्या तिरक्या उभ्या आहेत. पांढरा ४-६ वर खेळला की ४-५ आणि ५-६ या दोन काळ्या सोंगट्या एकाच वेळी अटारीत येतात, आणि अशा जागा शिडीच्या पूर्ण लांबीभर आहेत. एका सोंगटीसाठी धावलेल्या काळ्याचा डावच खिळखिळा होतो.

मग साठ चाली दिसतात त्या कशा?

शिडी मोकळ्या पटावर या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत गेली तर सुमारे ६० चाली होतात. तरी ती वाचायला सोपी, कारण फाटा नाही. काळ्याने अटारी दिली नाही तर पांढरा सुटतो, पांढरा पळाला नाही तर मरतो. दोघांनाही पर्याय नाही. हा बोगदा आहे. लांब असला तरी त्यात वाट चुकत नाही.

प्रत्येक पायरी मोजायचीही गरज नसते. पळणाऱ्या सोंगट्या दोन कर्णरेषांवर पडतात, पाठलाग करणाऱ्या त्यांच्या दोन्ही बाजूंच्या एकेका कर्णरेषेवर. त्याच्याही बाहेरची एकेक धरली की झाल्या सहा. या सहा कर्णरेषांच्या पट्ट्यात पळणाऱ्याची सोंगटी आहे का, एवढं आधी बघायचं. दिसली तर तिथपर्यंत नीट वाचायचं. कुणाचीच नसेल तर शिडी चालते.

चुकण्याची जागा एकच, अटारी कुठल्या बाजूने द्यायची. पांढरा ४-३ वर गेल्यावर काळ्याने ५-३ ऐवजी ४-४ वर अटारी दिली, तर पांढरा ५-३ वर जातो, त्याला तीन श्वास मिळतात आणि खेळ तिथेच संपतो.

आपल्या चालीला एक पुरते, त्याच्या उत्तरांना सगळी लागतात

माझ्या मते वाचण्यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी शिकवली जाणारी गोष्ट ही. ८-८ च्या सोंगटीमुळे शिडी चालत नाही हे सिद्ध करायला पांढऱ्याचं एकच चांगलं उत्तर पुरलं. जाळं चालतं हे सिद्ध करायचं तर मात्र पांढऱ्याचं प्रत्येक शहाणं उत्तर तपासावं लागतं.

तपासू. पांढरा ४-३ वर आला तर काळा ५-३. उरला एक श्वास, ३-४. तिथे पांढरा गेला तरी पुढे फक्त ३-५ उरतो, आणि तो काळा बुजवतो. पांढरा आधी ३-४ वर आला तर काळा ३-५, मग तसंच दुसऱ्या बाजूने. थेट न पळता बाहेरून ५-३ वर आला तर काळा ४-३. पांढरा ३-४, काळा ३-५ आणि दोन सोंगट्या उचलल्या. बाहेरून ३-५ वर आला तर काळा ३-४. पांढरा ४-३, काळा ५-३, पुन्हा तेच. पाचवं उत्तर बहुतेक जण विसरतात: पांढरा इथे खेळलाच नाही, पटावर दुसरीकडे गेला तर? मग काळ्याला इथे घाई करायचं कारण नाही, आणि पांढऱ्याने दुसरीकडे काय कमावलं तेवढंच बघायचं.

कुलपाला एक किल्ली लागली की काम झालं, पण कुलूप भक्कम आहे म्हणायचं तर जुडग्यातली प्रत्येक किल्ली लावून बघावी लागते. यातून कामाची शिस्त निघते. आपल्या पाळीला फांद्या कमी ठेवायच्या, त्याच्या पाळीला जास्त. नवशिके नेमकं उलटं करतात. स्वतःच्या पाच-सहा चाली कौतुकाने बघतात आणि प्रत्येकीला समोरच्याचं एकच, आपल्या सोयीचं उत्तर धरतात. हे वाचन नव्हे, मनातले मांडे. उपाय साधा पण कंटाळवाणा आहे: उमेदवार सुचला की सगळ्यात आधी त्याच्यावरचं सगळ्यात त्रासदायक उत्तर शोधायचं. तिथेच चाल पडली तर बाकीच्या फांद्या बघायची गरज उरत नाही, वेळही वाचतो.

शिडी आणि जाळं दोन्ही चालत असतील तर? अनुभवी खेळाडू बहुधा जाळं घेतो. शिडी चालू असली तरी पांढरा लांबवर तिच्या वाटेत एक सोंगटी ठेवतो, ती तिथल्या दुसऱ्या भांडणातही उपयोगी पडते, आणि काळा एका चालीने दोन्ही ठिकाणी उत्तर देऊ शकत नाही. जाळ्यात हा धोका नाही.

थांबायचं कुठे?

वाचन अनंत चालवता येत नाही. जिथे पुढची सक्तीची चाल उरत नाही, म्हणजे अटारी, तोड, जीव घेण्याची धमकी यातलं काही शिल्लक नाही, तिथे थांबायचं आणि शेवटच्या स्थितीला किंमत द्यायची. भांडणाच्या मध्यावर थांबून 'बरं दिसतंय' म्हणणं ही चूक भल्याभल्यांकडून होते.

ओळखीचा शेवट दिसला तर आणखी लवकर थांबता येतं. आत ओळीने तीन रिकाम्या जागा असलेला गट: ज्याची पाळी, त्याने मधली जागा घ्यायची, गट त्यावर जगतो किंवा मरतो. ओळीने चार: न खेळता जिवंत. चौकोनी चार: मालकाची पाळी असली तरी मेलेला. असे दहा-बारा आकार पाठ असले की प्रत्येक वाचनाच्या शेवटच्या चार-पाच चाली वाचाव्या लागत नाहीत.

हे आकार किती कामाचे, ते एका जुन्या म्हणीवरून कळतं: 'दुसऱ्या रेघेवर सहा मरतात, आठ जगतात.' कडेपासून दुसऱ्या रेघेवर काळ्याच्या सहा सोंगट्या सलग आहेत, दोन्ही टोकांना आणि वर पांढऱ्याची भक्कम भिंत. खाली पहिल्या रेघेवर सहा रिकाम्या जागा, त्यांना १ ते ६ म्हणू. पांढरा १ वर शिरतो, काळा २ वर अडवतो. पांढरा ६ वर, काळा ५ वर. उरल्या ३ आणि ४, लागून असलेल्या दोन जागा म्हणजे एकच डोळा. मेला. काळा आधी खेळला तर? काळा १, पांढरा ६, काळा ५. उरल्या २, ३, ४ आणि पाळी पांढऱ्याची. मधली ३. तरीही मेला. सोंगट्या आठ असत्या तर पांढरा आधी खेळूनही चार सलग जागा उरतात, म्हणून जगतो. सातला पाळी कुणाची त्यावर अवलंबून.

इथे चौकस वाचक अडवेल: 'पांढऱ्याची १ वरची सोंगटी तर अटारीत आहे, ती उचलून डोळा नाही का करता येणार?' शंका बरोबर आहे. काळा तिच्या बाहेरच्या बाजूने खेळून ती उचलू शकतो. पण उचलणारी सोंगटी भिंतीला चिकटून पडते आणि पांढऱ्याने पलीकडून दाबलं की तीच अटारीत येते. तिला वाचवायला काळ्याला १ ची जागा स्वतःच भरावी लागते. असा डोळा खोटा.

दोन उमेदवारांचे शेवट सारखेच चांगले दिसले तर एकच प्रश्न विचारायचा: यानंतर पाळी कुणाची? ज्या मालिकेच्या शेवटी पाळी आपल्याकडे राहते तिला जपानी शब्दात 'सेंटे' म्हणतात, जाते तिला 'गोटे'. तीन-चार जागा कमी मिळाल्या तरी सेंटे पुष्कळदा परवडतो.

मनातल्या सोंगट्या कुठे दगा देतात

पटावर नसलेल्या सोंगट्या डोक्यात धरून ठेवायच्या असतात, आणि पाच-सहा चालींनंतर पहिल्या सोंगट्या पुसट होतात. ठरावीक अपघात पुन्हा पुन्हा होतात.

उचललेल्या सोंगट्यांच्या जागा रिकाम्या होतात हे विसरणं. मनातल्या पटावर त्या तशाच बसून राहतात. खऱ्या पटावर तिथे श्वास आलेले असतात, कधी तर तिथेच परत खेळून उचलणाऱ्यालाच उचलता येतं.

आपली जोडणारी चाल आपलाच श्वास खाते हे विसरणं. 'इथे जोडलं की सुरक्षित' असं वाटतं, आणि जोडल्यावर गटच अटारीत निघतो.

एका फांदीतून परत येताना तिथली सोंगटी पुढच्या फांदीत घेऊन येणं. याला काय म्हणावं कळत नाही, पण खेळणाऱ्या प्रत्येकाला हा भुताटकीचा अनुभव आहे. उपाय: नवी फांदी सुरू करण्याआधी नजर खऱ्या पटावर आणायची आणि आहे ती स्थिती एकदा बघून घ्यायची.

आणि क्रम. त्याच तीन चाली, पण पहिली आणि दुसरी उलट झाल्या तर समोरच्याला नवं उत्तर मिळतं. मालिका जमत नसेल तर नवा उमेदवार शोधण्याआधी त्याच चालींचा क्रम बदलून बघावा. अवघड कोडी पुष्कळदा तिथेच सुटतात.

या सगळ्यावर एक सवय चालते. प्रत्येक काल्पनिक चालीनंतर धोक्यातल्या गटाचे श्वास मोजायचे: 'काळा इथे, तीन, पांढरा इथे, दोन.' सुरुवातीला हळू वाटतं.

'पण कॉम्प्युटर तर सगळंच बघतो ना?'

नाही. १९ रेघांच्या पटावर नियमात बसणाऱ्या स्थितींची नेमकी संख्या जॉन ट्रॉम्प यांनी २०१६मध्ये काढली. ती १७१ अंकी आहे. सगळं बघणं कुठल्याच यंत्राला शक्य नाही.

अल्फागोने तेच केलं जे वर सांगितलं. त्याच्यातलं एक न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी गणिती रचना) उमेदवार सुचवायचं, म्हणजे रुंदी कमी करायचं. दुसरं स्थिती पाहून जिंकण्याची शक्यता सांगायचं, म्हणजे थांबायचं कुठे ते ठरवायचं. दोन्हींच्या मध्ये वाचन. १९९७मध्ये बुद्धिबळातला विश्वविजेता कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा कॉम्प्युटर सेकंदाला सुमारे २० कोटी बुद्धिबळी स्थिती तपासायचा. युरोपियन विजेता फान हुई याच्याविरुद्धच्या सामन्यात अल्फागोने त्याच्या हजारो पटींनी कमी स्थिती तपासल्या.

यंत्र फसतं तेही याच जागी. ली सेडॉलविरुद्धच्या दुसऱ्या डावातली अल्फागोची ३७वी चाल गाजली, कारण माणूस ती खेळेल याची शक्यता त्याच्याच हिशेबात दहा हजारांत एक होती, तरी पुढचं वाचन तिच्या बाजूने निघालं. चौथ्या डावात उलट झालं. ली सेडॉलने ७८वी चाल दोन सोंगट्यांच्या मध्ये पाचर मारावी तशी खेळली. यंत्राने तिला उमेदवार म्हणून जवळजवळ धरलंच नव्हतं, आणि काही चालींनी त्याचा अंदाज कोसळला. २०२३मध्ये अमेरिकेतल्या एका हौशी खेळाडूने अल्फागोनंतरच्या पिढीतल्या एका ताकदवान प्रोग्रामला १५ पैकी १४ डावांत हरवलं. युक्ती दुसऱ्या प्रोग्रामने शोधलेली होती, पण खेळताना यंत्राची मदत नव्हती. वर्तुळासारखा बंद झालेला स्वतःचा गट वेढला जातोय, हे त्या प्रोग्रामला वेळेत दिसत नव्हतं.

'आकार पाठ केले तर वाचायची गरज काय?'

आकार उमेदवार देतात, निकाल देत नाहीत. वरच्याच उदाहरणात ८-८ ची सोंगटी नसताना शिडी बरोबर आणि असताना आत्मघात. कोपऱ्यातला आकार दोन्हीकडे तोच. मात्र डावाच्या सुरुवातीला, पट मोकळा असताना, वाचन फारसं हाती लागत नाही, तिथे आकार आणि अंदाजावरच जावं लागतं. कुठे वाचायचं नाही हेही शिकावं लागतं. सक्तीची चाल दिसत नसेल तर दोन-तीन उमेदवार, प्रत्येकी दोन-तीन चाली, आणि निर्णय.

वेळ आणि सराव

सोलच्या सामन्यात प्रत्येकाला दोन तास होते आणि ते संपल्यावर प्रत्येकी एका मिनिटाचे तीन टप्पे. हौशी डावात पुष्कळदा चालीला ३० सेकंदच मिळतात. तेवढ्यात काय करायचं? पहिले पाच सेकंद समोरच्याच्या चालीने काय बदललं ते बघायचं, आपला बेत नव्हे. मग दोन उमेदवार. मग पहिल्यावरचं सगळ्यात वाईट उत्तर. ते पेललं तर खेळायचं; नाही तर दुसरा. स्वतःचा विचार समोरच्याच्या वेळेतही चालू ठेवता येतो, पण तेव्हा मालिका न वाचता श्वास आणि डोळे मोजून ठेवणं जास्त फायद्याचं.

सरावाला जीवन-मरणाची कोडी असतात, जपानीत 'त्सुमेगो'. अवघड कोड्यावर तासभर डोकं आपटण्यापेक्षा मिनिटाभरात सुटतील अशी रोज दहा-पंधरा सोडवलेली बरी. पटावर सोंगट्या ठेवून प्रयत्न करायचे नाहीत, सगळं डोक्यात. पहिली चाल सापडली म्हणून पुढे जायचं नाही, समोरच्याची निदान तीन उत्तरं मोडून दाखवता आली तरच कोडं सुटलं असं धरायचं. उत्तर चुकलं तर कुठली चाल चुकली हे लिहिण्याऐवजी समोरच्याचं कुठलं उत्तर दिसलं नव्हतं ते लिहावं. महिनाभराने ही यादी वाचली की बहुतेकांना त्यात दोनच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात: आत फेकलेली बळीची सोंगटी आणि पहिल्या रेघेवरची चाल.